‘लावणे’चं दुसरं कार्ड

कोंडीराम ओव्हाळ मूळचा महाळुंग्याचा. त्याच्या वस्तीतला सातवी पास झालेला तो पहिला माणूस, आणि त्या काळी बौद्ध वस्तीतल्या सातवी पास माणसाला गावात करण्यासारखं काही नसे. बासष्ट साली चिंचवडला रबराच्या एका कारखान्यात माणसं भरताहेत असं कळलं, तसा तो सायकल मारत गेला आणि स्टोअरमध्ये चिकटला. स्टोअर म्हणजे लोखंडी जाळीची खोली आणि जाळीला एक खिडकी. बाहेरून कामगारांनी ओरडायचं, हे दे, ते दे. आतून कोंडीरामनं शोधून द्यायचं आणि चिठ्ठीवर सही घ्यायची. कारखान्यात काय चाललंय ते त्या खिडकीतून फारसं दिसत नसे, ऐकू मात्र सगळं येई.

पहिल्याच आठवड्यात त्याची फजिती झाली. एका फिटरनं ‘वायसर’ मागितलं. कोंडीरामनं सगळे खण उचकले, रजिस्टर दोनदा चाळलं आणि नाही म्हणून सांगून मोकळा झाला. तिकडं दीड तास मशीन बंद. वायसर म्हणजे रजिस्टरातलं ‘वॉशर’, आणि त्याची भरलेली पेटी याच्या पायाशीच होती. सुपरवायझरनं येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्या दिवशी कोंडीरामनं वापरून झालेल्या मागणी-चिठ्ठीच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं : ‘वायसर. रजिस्टरात वॉशर. मधे भोक असलेली चकती.’ ते त्याचं पहिलं कार्ड.

मग त्याला नादच लागला. अॅलन कीला एलंकी म्हणत, हॅकसॉच्या पात्याला एक्सापान. हात पुसायच्या एकाच कापडाला कुणी चिंधी म्हणे, कुणी बोळा, कुणी धडपा, आणि प्रत्येकाला वाटे की आपलाच शब्द खरा. कोंडीराम सगळं टिपून घेई. बेअरिंगचे रिकामे खोके त्यानं अक्षरावारी मांडले होते. बायको कस्तुरा म्हणायची, “लोक कारखान्यातनं भंगार आणत्यात, आमचं येडं लोकांचं बोलणं उचलून आणतंय.” तो हसायचा. हसण्यासारखे दिवस होते ते.

त्याला सगळ्यात जास्त शब्द दिले ज्योतीरामनं. हा पुनावळ्याचा गडी, तोंडानं फटकळ, मनानं सोनं. कारखान्यात रबराचा माल वाफेवर भाजायची एक आडवी लोखंडी टाकी होती, माणूस वाकून आत जाईल एवढी मोठी. तिला सगळे ‘रांजण’ म्हणत. हे नावही ज्योतीरामनंच पाडलेलं. तो रांजणावर कामाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी भाकरी सोडून बसायचा.

एका रविवारी त्यानं कोंडीरामला घरी नेलं. कोंडीराम सवयीनं उंबऱ्याबाहेरच टेकला. ज्योतीराम आतून ओरडला, “आरं भायेर काय बसतोस? दार काय कुत्र्यासाठी ठेवलंय?” आणि दंडाला धरून त्यानं त्याला आत ओढलं. ज्योतीरामची बायको सरूबाई क्षणभर थबकली, हे कोंडीरामनं पाहिलं. मग तिनं घरच्याच कपात चहा दिला. पुढं पुढं ती त्याला भावजी म्हणू लागली आणि तो तिला वैनी. पुनावळ्यात दिवसा कुणी दार लावत नसे. दिवसा दार बंद दिसलं तर शेजारणी विचारायला यायच्या, काय गं बया, काय झालं? ज्योतीरामच्या त्या उघड्या दारातून कोंडीराम पुढं कित्येक वर्षं बिनदिक्कत आत जात राहिला.

एकोणसत्तर साली कोंडीरामनं पुण्यातल्या एका कोशकचेरीला पोस्टकार्ड टाकलं : ‘तुमच्या एवढ्या मोठ्या शब्दकोशात वायसर का नाही?’ तीन आठवड्यांनी खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. उद्धवराव, निवृत्त शिक्षक, कोशाच्या कामावर असलेले. तासभर ते खोके चाळत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, “ओव्हाळ, तुमचा कोश कुठल्या जातीचा म्हणायचा?”

“कोशातबी जाती हायेत व्हय, सर? मग आमचा गावकुसाभायेरचा धरा.”

उद्धवरावांनी जीभ चावली. मग स्टुलावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. शब्दाचा अर्थ त्याच भाषेत सांगणारा कोश एक. परक्या भाषेत सांगणारा तो द्वैभाषिक. शब्द कुठून आला ते खणून काढतो तो व्युत्पत्तिकोश, एकाच धंद्यातले शब्द देतो तो परिभाषाकोश, एका मुलखाची बोली धरून ठेवतो तो बोलीकोश. “आणि काही असतात नुसते अवघड शब्दांचे. सगळ्यांना येतात ते शब्द त्यात घेतच नाहीत.” कोंडीराम म्हणाला, हा शेवटचा बरा, उगाच कागद वाया जात नाही. उद्धवरावांनी त्याला कामाची पद्धत घालून दिली. ऐकलेलं लिहा, सुचलेलं नको. कोण बोललं, कुठला, कधी, तेही लिहा. एका अर्थाला एक कार्ड. आणि बस धरायच्या घाईतही वळून म्हणाले, “अवघड शब्द कुणीही सांगेल हो. सोप्यांना जपा. घेणे, लावणे, सोडणे... या क्रियापदांनी भल्याभल्यांना रडवलंय.” सर विद्वान खरे, पण थोडे उंटावरचे शहाणे, असं कोंडीरामला वाटलं.

चौऱ्याहत्तरला कारखाना वाढला. गुलबर्गा, बिदरकडची माणसं आली. त्यांना मराठी येईना. मोडकीतोडकी हिंदी तेवढी येई. कोंडीरामनं मनावर घेतलं की यांच्यासाठी पुस्तिका काढायची, अलीकडं कारखान्यातला मराठी शब्द, पलीकडं हिंदी अर्थ. युनियनच्या कचेरीत सायक्लोस्टाइल यंत्र होतं. स्टेन्सिलवर लोखंडी टोकानं एकेक अक्षर कोरायचं, चुकलं की सगळं पान बाद. सोळा पानं त्यानं स्वतः कोरली.

अकराव्या पानावर ‘ल’ संपत होता. ‘लावणे’ची दोन कार्डं होती. पहिलं : पंखा, मोटर, दिवा लावणे. चालू करना. दुसरं : दार, झाकण, झडप लावणे. बंद करना. पानावर ओळ उरली होती एकच. दुसरं कार्ड पुढच्या पानावर ढकललं असतं तर चाललं असतं, पण बाराव्या पानाच्या माथ्यावर त्याला ‘वायसर’ हवा होता. त्याचा पहिला शब्द, त्याचा लाडका. त्याला पहिल्या ओळीचा मान द्यायचं त्यानं केव्हाचं योजून ठेवलं होतं, आणि ते पान हौसेनं आधीच कोरून झालं होतं. शिवाय दार लावणे कुणाला कळत नाही? त्यानं पहिलं कार्ड कोरलं आणि दुसरं शर्टाच्या खिशात टाकलं.

साठ प्रती निघाल्या. सगळ्यात मन लावून ती वाचली शरणप्पानं. गुलबर्ग्याकडचा, पस्तिशीचा, तीन लेकरांचा बाप, बोलायला भारी भिणारा. शाळेतल्या पोरानं पाढे पाठ करावेत तशी त्यानं ती पाठ केली. एक दिवस खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ, दोन वायसर, एक एलंकी द्या.” एक अक्षर चुकलं नाही. कोंडीरामला इतका आनंद झाला की त्यानं जेवणाच्या सुट्टीत ज्योतीरामला तीनदा तीच हकिगत सांगितली. ज्योतीराम म्हणाला, “आता बास कर राव, भाकरी गार झाली.”

पंचाहत्तरचा फेब्रुवारी. दुपारची शिफ्ट नुकती बदललेली. ज्योतीराम रांजणात शिरून खरवडून साफसफाई करत होता. वाफेची तोटी, तिला सगळे वॉल म्हणत, भिंतीच्या पलीकडं होती. तिथला माणूस सुटून गेला आणि शरणप्पा कामावर आला. आत कुणी आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो वॉल जुना होता, घट्ट बसत नसे, थोडी वाफ झिरपायची. नव्या वॉलची मागणी तीनदा गेली होती. चिठ्ठ्या कोंडीरामच्याच हातच्या होत्या. ज्योतीरामच्या पायाला ऊन वाफ लागली आणि तो आतून ओरडला, “लाव! आरं वॉल लाव!”

कोंडीरामनं तो आवाज खिडकीमागून स्वच्छ ऐकला. त्याला अर्थ कळला. बंद कर म्हणतोय. त्यानं रजिस्टरातून मान वर केली नाही.

शरणप्पानंही ऐकला, आणि त्यालाही कळला. लावणे, चालू करना. साफसफाई झाली असेल, वाफ मागताहेत. त्यानं चाक फिरवलं आणि वॉल पुरता उघडला. मग वाफेचा जो आवाज आला, तो ऐकून कोंडीराम उठला, पण तोवर उशीर झाला होता. ज्योतीराम तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता.

चौकशी बसली. शरणप्पानं खिशातून पुस्तिका काढली, अकरावं पान उघडलं. साहेबानं तिच्याकडं पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी कोंडीराम आपण होऊन गेला. दोन्ही कार्डं त्यानं टेबलावर ठेवली.

“साहेब, त्याची चूक न्हाई. मी अर्थ अर्धाच छापला. ह्ये दुसरं कार्ड मी गाळलं.”

साहेबानं कार्डं उलटसुलट केली. “कंपनीच्या चिठ्ठ्या वापरता काय यासाठी? ओव्हाळ, इथं अपघाताची चौकशी चाललीय, व्याकरणाचा तास नाही. लावणे म्हणजे लावणे. त्यात कळायचं काय?”

“त्येच तर, साहेब.”

“जा. कामावर जा.”

अहवालात आलं : कामगाराचा निष्काळजीपणा. जुन्या वॉलबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. नवा वॉल मात्र त्याच आठवड्यात येऊन पडला. शरणप्पाला काढलं. गेटपाशी तो वळकटी घेऊन उभा होता. कोंडीराम त्याच्यापुढं गेला. शरणप्पानं पुस्तिका त्याच्या हातात दिली. “किताब में यही लिखा था ना, भाऊ?” त्यात राग नव्हता. आपण वाचताना चुकलो की काय, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. कोंडीराम म्हणाला, “व्हय. यही लिखा था.” शरणप्पानं मान हलवली आणि तो गेला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

साहेबापुढं कबूल करायला कोंडीराम धजला, पण सरूबाईपुढं नाही. हीच त्याच्या आयुष्यातली मोठी लबाडी, आणि ती त्यानं सात वर्षं चालवली. महिन्यातून एकदा तो पुनावळ्याला जाई. दार उघडंच असे. सरूबाई चहा टाकी आणि बोलायला लागे. कंपनीचा माणूस तिला सांगून गेला होता की एका कानडी माणसाच्या हयगयीनं सगळं झालं. “वाटोळं होईल त्याचं, भावजी. त्याची बायकापोरं माझ्यासारखी रडत्याल. रोज सांजचं दिवा लावताना मी त्याला शाप देती. माझा तळतळाट लागल्याबिगर ऱ्हायाचा न्हाई.” कोंडीराम कपात बघत बसे. जाताना वाटे, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला वाटे, आता एवढे दिवस गेले, आता सांगून काय होणार? खरं कारण दुसरंच होतं. त्या घराचं दार त्याला गमवायचं नव्हतं. कस्तुराही एकोणऐंशी साली वारली, आणि मग त्याला जायला दुसरं घरच उरलं नाही.

बाकी सगळे शब्द त्यानं सोडून दिले. फक्त ‘लावणे’ टिपायचा. कान त्या एकाच शब्दाला टपलेला. देहूकडची भाजीवाली म्हणाली, ताळतंत्र सोडलं मेल्यानं, घराला आग लावली, त्यानं लिहिलं. कुणी रोप लावलं, औषध लावलं, कुणी छडा लावला, तोंड लावलं, नाट लावला, सूर लावला, पैज लावली. एका अर्थाला एक कार्ड. ती कार्डं तो दोन ढिगांत वाटायला बसे, ज्यात काही सुरू होतं ती इकडं, ज्यात काही बंद होतं ती तिकडं. बहुतेक कार्डं कुठल्याच ढिगात बसत नसत. गळफास लावणे कुठं टाकायचं, यावर तो एक अख्खा रविवार बसून होता. दुसरं कार्ड, ते मूळचं, त्यानं ढिगात कधी ठेवलं नाही. ते खिशात. घामानं ते मऊ पडलं होतं.

ब्याऐंशी साली उद्धवराव पुन्हा आले. काठी टेकत, धापा टाकत. कोशाच्या नव्या खंडाला कारखान्यातल्या शब्दांची पुरवणी जोडायची होती. “तुमचं नाव घालू, ओव्हाळ. वायसर अखेर कोशात येतोय.”

कोंडीरामनं खोके दिले नाहीत. पहिल्यांदाच कुणाला तरी त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. उद्धवरावांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकलं.

“तुम्ही मला बजावलं हुतं, सर. सोप्यांना जपा म्हणून.”

“मी बजावलं, पण मलाही ते दुसऱ्यांच्या चुका पाहूनच कळलं होतं. बिनचूक कोश नसतो, ओव्हाळ. म्हणून तर शुद्धिपत्र काढतात.”

“माझ्या चुकीला कसलं शुद्धिपत्र, सर? माणूस गेला.”

“गेला तो गेला. पण चुकीची प्रत अजून कुणाकडं आहे का, ते बघा. शुद्धिपत्र छापून कचेरीत ठेवायचं नसतं. ज्याच्याकडं चूक पोचली त्याच्याकडं ते पोचवायचं असतं.” एवढं बोलून ते उठले. खोके त्यांनी पुन्हा मागितले नाहीत.

पुढच्या रविवारी भर दुपारी कोंडीराम पुनावळ्याला गेला. दार नेहमीसारखं सताड उघडं. सरूबाई तांदूळ निवडत बसली होती. “या भावजी, चहा टाकती,” म्हणून ती उठायला लागली.

“बसा वैनी. आधी ऐकून घ्या.”

त्यानं सांगितलं. अकरावं पान, एकच उरलेली ओळ, वायसरची हौस. ज्योतीराम काय म्हणाला, त्या कानडी माणसाला काय कळलं, आणि का कळलं. खिशातलं कार्ड काढून त्यानं तिच्यापुढं ठेवलं. सरूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते हातात घेतलं, बघितलं आणि सुपाशेजारी खाली ठेवलं. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. बोटं चालत होती, पण खडे तसेच मागं राहत होते.

“म्हंजी त्यानं पुस्तकात हुतं तसंच केलं.”

“व्हय.”

“त्याला लेकरं हुती?”

“तीन.”

सरूबाईचा हात थांबला. “चूक हुती कुणाच्याबी हातनं. ह्येंच्याबी हातनं झाली असती. त्यापायी मी तुमास्नी बोल लावला नसता, भावजी.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “पर सात वर्सं. सात वर्सं मी दिव्यापुढं बसून त्या गरिबाच्या लेकरांचं वाटोळं मागितलं, आन् तुमी हितं बसून, माझ्या घरातला चहा पीत, ऐकत ऱ्हायलात. माझं शाप लागलं असलं तर कुणाला लागलं? सांगा की. तुमास्नी तर समदं शबुद ठावं हायेत.”

कोंडीराम उठला. कार्ड उचलावं की नाही ते त्याला कळेना. ते त्यानं तिथंच राहू दिलं. सरूबाईनं मान वर केली नाही. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“जाताना दार लावून घ्या,” ती म्हणाली.

पंधरा वर्षांत या घरात त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्थ कळायला त्याला क्षणभरही लागला नाही. तो उंबऱ्याबाहेर आला, वळला आणि भर दुपारी त्यानं दोन्ही फळ्या ओढून दार नीट लावलं.